मेंदूचा लिम्फोमा, डोक्यातला शंट आणि ‘परत आला का?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांना मेंदूचा लिम्फोमा झाला. मेंदूत पाणी साचलं म्हणून शंट बसवला, किमो झाली, एमआरआय स्वच्छ आला आणि चौदा महिन्यांनी आजार परतला. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघत ठाणे-नवी मुंबईतल्या अशाच घरांतून मला फोन येतात. कोणी कासारवडवलीचं, कोणी नेरुळचं, प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, बँकेत काम करते. इथली वैद्यकीय माहिती बाबांच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेली आणि नंतर वाचून पडताळलेली आहे. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

हा रक्ताचा कॅन्सर की मेंदूचा?

दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. एरवी तो काखेत, मानेत, जांघेत गाठी करतो. पण ‘प्रायमरी सीएनएस लिम्फोमा’मध्ये तो फक्त मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, त्यांच्या आवरणात किंवा डोळ्यात असतो. दहातले नऊहून जास्त रुग्ण ‘डिफ्यूज लार्ज बी सेल’ या प्रकाराचे. बहुतेकांना तो साठीच्या आसपास किंवा पुढे होतो. एचआयव्ही असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसांत तो कमी वयातही दिसतो.

ऑपरेशन करून गाठ काढत का नाहीत, हा पहिल्या आठवड्यातला ठरलेला प्रश्न. एमआरआयवर दिसते त्याच्या पलीकडेही पेशी मेंदूभर विखुरलेल्या असतात. त्यामुळे सुईने तुकडा घेऊन बायॉप्सी करतात आणि मुख्य उपचार औषधांचा असतो. म्हणजे लिम्फोमा कॅन्सरच्या डॉक्टरांकडे आणि शंट न्यूरोसर्जनकडे. फाइल दोन खात्यांत फिरते आणि मधल्या गॅपमध्ये माहिती गळून पडते ती इथेच.

शंट म्हणजे नक्की काय? आमच्याकडे ‘ओमाया’ बसवलंय म्हणाले, तेच का?

नाही. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, एका वेळी मात्र दीडशे मिलीलिटरच्या आसपासच असतं. बाकीचं रक्तात शोषलं जातं. गाठीने वाट अडवली किंवा मेंदूच्या आवरणात लिम्फोमाच्या पेशी पसरून शोषण मंदावलं, की पाणी साचतं आणि दाब वाढतो. मग एक नळी मेंदूतल्या पोकळीत, कानामागे त्वचेखाली एक व्हॉल्व आणि तिथून मान-छातीच्या कातडीखालून दुसरी नळी थेट पोटाच्या पोकळीत. हा व्हीपी शंट. त्यात पंप नसतो, ठरावीक दाबावर व्हॉल्व उघडतो आणि पाणी एकाच दिशेने जातं. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात टर्नर होते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व. मग कचरा अडकणारच.’’ त्यांचं चुकलं नव्हतं.

ओमाया म्हणजे डोक्याच्या कातडीखाली बसवलेली छोटी घुमटी. अयूब ओमाया या न्यूरोसर्जननी १९६३ मध्ये ती मांडली. तिच्यातून औषध देतात किंवा तपासणीला पाणी काढतात. ती पाणी कुठेही वाहून नेत नाही. कॅज्युअल्टीत ‘डोक्यात नळी आहे’ एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस काहीही समजू शकतो.

शंटमुळे आजार परत आला का?

नाही. हा अपराधभाव पहिला काढून टाका. हा लिम्फोमा मुळातच परतणारा आहे. उपचाराने साफ झालेल्यांपैकी जवळपास अर्ध्यांमध्ये तो पुन्हा येतो, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. पाच वर्षांनंतरही येऊ शकतो, म्हणून तपासण्या लांबतात. परततो तो सहसा मेंदूतच, पण जुन्याच जागी येईल असं नाही. शंटमुळे बदलतं ते वेगळंच, आणि ते पुढच्या उत्तरात आहे.

शंट असलेल्या माणसात आजार परतल्याचं कसं कळतं?

हे उत्तर लांब आहे, पण हेच वाचायचं राहू देऊ नका.

गाठ वाढली की डोकं दुखेल, उलट्या होतील, अशी आपली समजूत असते. ती दाबाची लक्षणं. शंट नीट चालू असेल तर तो पाणी पोटात सोडत राहतो आणि दाब निदान काही काळ तरी वाढू देत नाही. म्हणजे ज्या घंटेची आपण वाट बघत बसतो, ती घंटा शंटच दाबून ठेवतो. त्यात हा लिम्फोमा बरेचदा मेंदूच्या खोल भागात, म्हातारं माणूस जरा मंदावलंय असं वाटायला लावणाऱ्या जागी असतो. इतर ब्रेन ट्युमरच्या मानाने झटकेही याच्यात कमी येतात.

मग दिसतं काय? स्वभाव. बोलका माणूस गप्प होतो, शांत माणूस चिडका. दिवसा झोप वाढते. बोलता बोलता नेहमीचा शब्द सापडत नाही. एका बाजूचा हात हळू पडतो, चहाचा कप कलतो, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. चालताना भिंतीचा आधार. डोळ्यापुढे ठिपके तरंगणं किंवा धुरकट दिसणं, कारण हा आजार डोळ्यातही परततो. घरचे त्याला मोतीबिंदू समजून नंबर काढायला घेऊन जातात.

ठाणे स्टेशनवर नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून बारा वर्षं तुर्भ्याची गाडी पकडलेल्या माझ्या बाबांनी एका रविवारी मला तिथेच उभं राहून विचारलं, ‘‘तुर्भ्याची गाडी कुठून सुटते गं?’’ मी हसले. वय झालं म्हटलं. त्यांचं डोकं अजिबात दुखत नव्हतं.

सीटी केला. ‘शंट जागेवर आहे, पोकळ्या नॉर्मल आहेत’ असा रिपोर्ट आला. मग घाबरायचं कारण नाही ना?

आम्हालाही हेच सांगितलं होतं. घराजवळच्या एका हॉस्पिटलात साधा सीटी झाला, शंट ठीक म्हणाले आणि डोकेदुखी नसतानाही डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी काँट्रास्टचा, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन केलेला, एमआरआय झाला तेव्हा गाठ दिसली.

काँट्रास्टशिवायचा सीटी मुख्यतः एका प्रश्नाचं उत्तर देतो: पाणी साचलंय का, रक्त साचलंय का. आपत्कालीन वेळी तो प्रश्न पहिला असतो, म्हणून सीटी आधी करतात ते योग्यच. पण लिम्फोमा परतला का, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. त्यासाठी काँट्रास्ट देऊन एमआरआय लागतो. ‘शंट चालू आहे’ आणि ‘आजार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावर थांबू नका, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

उलटही होतं. सगळे गाठ शोधत बसतात आणि बंद पडलेला शंट राहून जातो. तो तर तासांचा प्रश्न.

शंट बंद पडला, जंतुसंसर्ग झाला, आजार परतला की उपचाराचा परिणाम? घरी ओळखता येतं का?

खात्रीने नाही. पण डॉक्टरांना काय सांगायचं ते कळावं म्हणून लक्षणांतला फरक लिहिते.

बंद पडलेल्या शंटचा त्रास सहसा झपाट्याने वाढतो: डोकं दुखणं, उलटी, गुंगी, हाक मारली तर उशिरा ओ देणं. वाट बघायची नाही. जंतुसंसर्ग बहुतेकदा शंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो. ताप, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज, पोटात दुखणं. किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर नुसता ताप हेसुद्धा ॲडमिट होण्याचं कारण आहे, मग तो शंटचा असो वा नसो. पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून गेलं तर उठून बसल्यावर डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं. यात मेंदू आणि कवटीच्या मध्ये रक्त साचू शकतं, तेव्हा हेही अंगावर काढू नका.

खरी गोची चौथ्या प्रकारात आहे. मेथोट्रेक्सेट (या आजारातलं किमोचं मुख्य औषध) आणि विशेषतः पूर्ण मेंदूला दिलेलं रेडिएशन यांचा परिणाम महिन्यांनी, वर्षांनी दिसतो, साठीच्या पुढे जास्त. विसर पडतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवीवरचा ताबा जातो. आणि नेमकी हीच तिन्ही लक्षणं मेंदूत हळूहळू पाणी साचल्याचीही आहेत! म्हणजे शंटचं सेटिंग कमी पडतंय, मेंदू थकलाय की आजार परतलाय, हे नुसतं माणसाकडे बघून मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जुन्या तपासण्यांशी ताडून बघावं लागतं.

म्हणून एक काम आजच करा. माणूस बरा असतानाचा सीटी आणि एमआरआय सीडीवर आणि पेनड्राइव्हवरही ठेवा. सीडी ऐन वेळी उघडत नाही हा माझा ठाण्यापासून परळपर्यंतचा अनुभव आहे. पोकळ्या ‘मोठ्या’ आहेत की या माणसाच्या नेहमीच आहेत तितक्याच आहेत, हे त्या जुन्या चित्राशिवाय कोणी सांगू शकत नाही.

तपासण्यांत डोक्यापासून पोटापर्यंतचे एक्स-रे असतात, नळी कुठे तुटली-निसटली का बघायला. गरज पडली तर न्यूरोसर्जन निर्जंतुक करून व्हॉल्वजवळून पाणी काढतात. त्यात जंतू आणि लिम्फोमाच्या पेशी दोन्ही शोधतात. पेशी सापडल्या नाहीत म्हणजे आजार नाहीच, असं मात्र नसतं. डोळ्यांची स्लिट लॅम्पवर तपासणीही मागून घ्या, ती विसरली जाते.

पोट फुगलंय. मेंदूच्या आजाराचा पोटाशी काय संबंध?

शंट नसता तर मीही हेच विचारलं असतं. नळीचं दुसरं टोक पोटात आहे. पाण्याबरोबर लिम्फोमाच्या पेशी खाली उतरून पोटाच्या पडद्यावर रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुर्मीळ, एकेका रुग्णाच्या नोंदी म्हणाव्यात अशी, पण आहेत. लहान मुलांच्या काही ब्रेन ट्युमरमध्ये ही गोष्ट आधीपासून ठाऊक आहे. पेशी अडवायला शंटमध्ये गाळणी बसवून पाहिली गेली, पण ती तुंबायची.

तेव्हा पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होणं, पोटात गोळा लागणं हे ‘किमोचा गॅस’ म्हणून सोडू नका. त्याची साधी कारणंही असतात. नळीच्या टोकाभोवती पाण्याची पिशवी धरते, तिला स्यूडोसिस्ट म्हणतात आणि तिच्यामागे बरेचदा सौम्य जंतुसंसर्ग असतो. कधी नुसतं बद्धकोष्ठ असतं, पण तेही पोटातला दाब वाढवून शंटचा निचरा अडवू शकतं. सुरुवात सोनोग्राफीने होते. पाणी असेल तर काढून पेशी तपासायच्या, आणि संशय राहिला तर पेट-सीटी. सोनोग्राफीवाल्याला शंट आहे हे आधी सांगा. नाहीतर पोटात पाणी बघून तो थेट लिव्हरचे प्रश्न विचारायला लागतो. आमच्या बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, त्यांना तिथे फार राग आला होता.

घरात डेक्साच्या गोळ्या उरल्यात. त्रास वाढला तर एक देऊ का?

विचारल्याशिवाय नको. डेक्सामेथासोन सूज उतरवतंच, पण लिम्फोमाच्या पेशीही तात्पुरत्या मारतं. गाठ एमआरआयवर दिसेनाशी होते, बायॉप्सीत काही सापडत नाही आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा उभी राहते. डॉक्टर तिला ‘भुताची गाठ’ म्हणतात ते काही गमतीने नाही. जिवावर बेतलं असेल तर डॉक्टर स्टिरॉइड देतीलच, पण तो निर्णय तपासणीच्या आधी की नंतर, हे त्यांना ठरवू द्या. आणि ज्याच्या गोळ्या रोज चालू आहेत त्याच्या अचानक बंदही करू नका.

एमआरआय किती दिवसांनी? शंटचा व्हॉल्व त्यात बिघडतो का?

सर्वसाधारण वेळापत्रक असं: पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी, त्यानंतर आणखी पाच वर्षं वर्षातून एकदा. मधे काही बदल दिसला तर तारखेची वाट बघायची नाही.

शंट असताना एमआरआय करता येतो. मात्र बाहेरून चुंबकाने सेट करायचा ‘प्रोग्रामेबल’ व्हॉल्व असेल तर एमआरआयच्या चुंबकाने त्याचं सेटिंग हलू शकतं. काही मॉडेल लॉक होतात, सगळी नाहीत. म्हणून एमआरआयची वेळ घेतानाच न्यूरोसर्जनकडे सेटिंग तपासायची वेळही घ्यायची, शक्यतो त्याच दिवशी. एमआरआय एका पेठेत आणि सर्जन दुसऱ्या टोकाला असला की घोडबंदर रोडवर संध्याकाळ जाते, त्याला इलाज नाही. व्हॉल्वमधल्या धातूमुळे कानामागच्या भागात चित्र विस्कटतं, तेही रेडिओलॉजिस्टला आधी माहीत असलेलं बरं. काँट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन बघतात, कारण मेथोट्रेक्सेटने किडनीला फटका बसलेला असू शकतो.

घरात काय? चुंबकाचं मोबाईल कव्हर, हेडफोन, चुंबकाची खेळणी कानामागे टेकवू नका. नातवंडांना सांगून ठेवा.

परत आला तर काही उपाय असतो का?

असतो, आणि ‘आता काय, घरी न्या’ हे वाक्य ऐकून लगेच घरी नेऊ नका. पहिल्यांदा मेथोट्रेक्सेटचा चांगला उपयोग होऊन आजार बऱ्याच काळाने परतला असेल, तर तेच औषध पुन्हा बऱ्याच जणांत काम करतं. बाबांना तेच दिलं, रिटुक्सिमॅबबरोबर. त्याखेरीज रिटुक्सिमॅब, टेमोझोलोमाइड, लेनालिडोमाइड, इब्रुटिनिब अशी औषधं वापरली जातात. आधी रेडिएशन झालं नसेल तर तोही मार्ग उरतो. तब्येत आणि वय साथ देत असेल तर थिओटेपासारखी जोरकस औषधं देऊन स्वतःच्याच स्टेम सेलचं प्रत्यारोपण करतात. जपानने २०२० मध्ये याच आजाराच्या परतलेल्या रुग्णांसाठी टिराब्रुटिनिब मंजूर केलं.

आता शंटवाल्यांसाठी खास दोन गोष्टी. इब्रुटिनिबने रक्तस्राव वाढतो. शंट बदलायचं ऑपरेशन ठरलं तर ते आधी आणि नंतर काही दिवस थांबवावं लागतं, आणि हे दोन खात्यांपैकी कोणी एक दुसऱ्याला सांगेल या भरवशावर राहू नका. दुसरं, मेथोट्रेक्सेट. पोटात पाणी साचलेलं असेल तर औषध त्यात मुरून बसतं आणि हळूहळू रक्तात परत येत राहतं, मग तोंड येणं, किडनी, पेशी उतरणं असा सगळा त्रास लांबतो. म्हणून डोस देण्याआधी पोटाकडे बघायला सांगा. त्या दिवसांत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स मेथोट्रेक्सेटला शरीरातून बाहेर पडू देत नाहीत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली डोकेदुखीची गोळी इथे फार महागात पडते.

कार-टी सेल, म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, कॅन्सरशी लढायला बदलून परत देण्याचा उपचार, याबद्दल हल्ली सगळे विचारतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेली नेक्सकार१९ ही भारतीय उपचारपद्धती राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते एप्रिल २०२४ मध्ये देशाला मिळाली. ती परतलेल्या बी सेल लिम्फोमा-ल्युकेमियासाठी आहे. फक्त मेंदूतच असलेल्या लिम्फोमात कार-टी अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. विचारायला हरकत नाही, घर विकायला काढायची घाई नको.

किमो शंटमधूनच देता येत नाही का?

सहसा नाही. मेंदूत सोडलेलं औषध मेंदूत थांबण्याऐवजी नळीतून पोटात उतरतं. म्हणून शिरेतून मोठ्या मात्रेत देतात.

आजार गेला तर शंट काढतात का?

त्रास देत नसेल तर शक्यतो नाही. मेंदूला त्याची सवय झालेली असते आणि काढणं हेही ऑपरेशनच.

आपल्या भागात कुठे दाखवायचं?

खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचंच. परळच्या टाटा हॉस्पिटलची फाइल तिथे चालते का, कुठली तपासणी कुठे, हे आधी विचारून निघा, एक फेरी वाचते. ठाण्याहून पनवेलची ट्रान्स-हार्बर गाडी मिळाली तर खारघरला थेट उतरता येतं, वाशीची पकडलीत तर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. पण बंद पडलेल्या शंटसाठी मात्र खारघर गाठायचा हट्ट नको. रात्री न्यूरोसर्जन आणि सीटी दोन्ही असलेलं घराजवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आत्ताच फोन करून ठरवून ठेवा. १०८ ला फोन लावल्यावर शोधाशोध सुरू करू नका.

रात्री कॅज्युअल्टीत नेमकं काय सांगायचं?

आम्ही एका कागदावर लिहून ठेवलंय, तसंच्या तसं देते:

‘‘प्रायमरी सीएनएस लिम्फोमाचा रुग्ण. व्हीपी शंट आहे, उजव्या बाजूला, प्रोग्रामेबल. कंपनी, मॉडेल आणि सेटिंग खाली. शेवटची किमो अमुक तारखेला. शंट आणि आजार परतणं, दोन्ही तपासा. कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्टिरॉइड सुरू करू नका, जीव धोक्यात असल्यास अपवाद. बरा असतानाचा सीटी पेनड्राइव्हवर आहे.’’

खाली दोन्ही डॉक्टरांचे नंबर. हा कागद बाबांच्या पाकिटात एसटीच्या सवलतीच्या कार्डामागे असतो. सेटिंगचा आकडा पेन्सिलीने लिहिलाय, दर एमआरआयनंतर तो तपासून घेते आणि बदलला असेल तर खोडून नवा लिहिते.